घरगुती जेवणासोबत वाइनची घरपोच विक्री : परवान्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी मूळची नाशिकची असून गेली काही वर्षे इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहते. शनिवार-रविवारी घरच्या स्वयंपाकघरातून मराठी जेवणाचे डबे आणि दिवाळीत फराळाचे बॉक्स ग्राहकांना पोचवते. खाद्यव्यवसायाची नोंदणी स्थानिक काउन्सिलकडे रीतसर केलेली आहे. अलीकडे बरेच ग्राहक जेवणासोबत नाशिकची वाइन मिळेल का, असे विचारतात. एका मैत्रिणीने सुचवले की बाटलीची वेगळी किंमत न लावता ती दिवाळीच्या बॉक्समध्ये भेट म्हणून घालावी, म्हणजे परवान्याची भानगड राहत नाही. हे बरोबर आहे का? राहत्या घरासाठी मद्यविक्रीचा परवाना मिळू शकतो का? घर भाड्याचे आहे आणि मी यजमानांच्या नोकरीच्या व्हिसावर त्यांची जोडीदार म्हणून येथे आले आहे. एकूण खर्च किती येईल, आणि शेजाऱ्यांनी हरकत घेतली तर काय होईल?
— एक वाचक, रेडिंग

उत्तर : आधी मैत्रिणीच्या सूचनेविषयी लिहितो, कारण तुमच्या पत्रातला सर्वांत मोठा धोका तिच्यात आहे. ग्राहक बॉक्सचे पैसे देतो आणि त्या बॉक्समध्ये बाटली असते, तेव्हा बाटलीचे पैसे बॉक्सच्या किमतीत आलेच, असे परवाना अधिकारी मानतात. बिलावर ‘भेट’ असे छापल्याने त्यात फरक पडत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये या विषयाला लागू असलेल्या २००३ च्या लायसन्सिंग ॲक्टमधील कलम १३६ प्रमाणे परवान्याविना मद्य विकणे हा फौजदारी गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, अमर्याद दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विनापरवाना विक्रीच्या उद्देशाने घरात मद्याचा साठा ठेवणे हाही त्याच कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे. तेव्हा ही वाट धरू नका.

राहत्या घरासाठी परवाना मिळतो. कायद्यात जागा म्हणजे दुकानच असले पाहिजे, अशी अट नाही. मात्र परवाना नेमका कोणत्या जागेसाठी लागतो, हे आधी नीट समजून घ्यावे लागते. ग्राहक फोनवर किंवा वेबसाइटवर मागणी नोंदवतो, पैसे बँकेतून येतात आणि बाटली त्याच्या दारात पोचते; मग विक्री कोठे झाली? कलम १९० चे उत्तर असे आहे की साठ्यातून ज्या ठिकाणी त्या ग्राहकाच्या मागणीसाठी बाटली वेगळी काढली गेली, त्या ठिकाणी विक्री झाली असे धरावे. याचा व्यावहारिक अर्थ असा की तुमच्या घरातल्या ज्या कपाटातून तुम्ही बाटली काढून डब्यासोबत पिशवीत ठेवता, त्या घरासाठी जागेचा परवाना, म्हणजे प्रिमायसेस लायसन्स, लागेल. बाटली ज्याच्या दारात पोचते त्याच्या घराला काही लागत नाही आणि ती नेऊन देणाऱ्या माणसालाही स्वतंत्र परवाना लागत नाही.

जागेच्या परवान्याची फी मालमत्तेच्या व्यावसायिक करमूल्यावर ठरते. राहत्या घराला असे मूल्य नसते, म्हणून ते सर्वांत खालच्या ‘ए’ गटात बसते. या गटात अर्जाची फी १०० पौंड आणि त्यानंतर दरवर्षी ७० पौंड आहे. खिशाला खरी झळ लागते ती वर्तमानपत्रातल्या जाहिरातीने. अर्ज दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून कामकाजाच्या दहा दिवसांत स्थानिक वर्तमानपत्रात त्याची सूचना छापावी लागते, आणि तिचा खर्च अनेक ठिकाणी फीच्या काही पट होतो. याखेरीज फिकट निळ्या रंगाच्या ए-फोर कागदावर, १६ पॉइंटपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत, अर्जाची सूचना घराच्या दर्शनी भागी सलग २८ दिवस लावावी लागते, आणि ती रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता आली पाहिजे. मजकुरात कायद्याने ठरवून दिलेला एखादा तपशील राहिला, किंवा सूचना चार दिवस उशिरा लागली, तर २८ दिवसांची मुदत नव्याने मोजायची वेळ येते. म्हणून सूचना लावल्याच्या दिवशी तिचा तारखेसह फोटो काढून ठेवावा आणि वाऱ्यापावसाने ती फाटत तर नाही ना, हे रोज पाहावे.

या निळ्या कागदामुळेच शेजाऱ्यांचा प्रश्न उभा राहतो. वर्षानुवर्षे शांत असलेल्या गल्लीत एका घराच्या दारावर ‘मद्यविक्री’ असे वाचले की माणसांच्या डोळ्यांसमोर दारूचे दुकान, रात्रीची वर्दळ आणि फुटक्या बाटल्या येतात. त्यांना दोष देता येणार नाही. माझा आग्रहाचा सल्ला असा की सूचना लावण्याआधी दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घरी स्वतः जाऊन, ग्राहक येथे येणार नाहीत, आठवड्यातून दोन दिवस डब्यांसोबत मोजक्या बाटल्या बाहेर जातील, एवढे सांगावे. हरकत घ्यायची ठरवली तरी ती गुन्हेगारी व अव्यवस्था रोखणे, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणे आणि मुलांचे संरक्षण या चार उद्दिष्टांशी जोडलेली असावी लागते. ‘आम्हाला दारू पसंत नाही’ किंवा ‘घराची किंमत घटेल’ ही कारणे ग्राह्य धरली जात नाहीत. २८ दिवसांत शेजाऱ्यांकडून किंवा पोलिस, अग्निशमन, पर्यावरण-आरोग्य, ट्रेडिंग स्टँडर्ड्स यांसारख्या खात्यांकडून एकही ग्राह्य हरकत आली नाही, तर काउन्सिलला परवाना द्यावाच लागतो. हरकत आली आणि चर्चेने मिटली नाही, तर काउन्सिलच्या उपसमितीसमोर सुनावणी होते, आणि तिचा निर्णय मान्य नसेल तर २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट्स कोर्टात अपील करता येते.

आता अर्जाच्या ज्या भागावर सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा, त्याकडे वळतो. त्याला ऑपरेटिंग शेड्यूल म्हणतात. तुम्ही विक्री कशी करणार आणि वरील चार उद्दिष्टे कशी सांभाळणार, हे त्यात तुम्हीच लिहायचे असते. अनेक अर्जदार इंटरनेटवरून एखाद्या मोठ्या दुकानाचा मजकूर उचलतात आणि त्यात चोवीस तास कॅमेरे, ३१ दिवसांचे चित्रण, प्रशिक्षित सुरक्षारक्षक अशी आश्वासने देऊन बसतात. या भागात लिहिलेले जवळजवळ प्रत्येक वाक्य पुढे परवान्याची अट बनते आणि ती अट मोडणे म्हणजे परवान्याविना विक्री करण्याइतकाच गंभीर गुन्हा ठरतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही. दोन खोल्यांच्या घरात जे तुम्ही रोज पाळू शकणार नाही, ते लिहू नका. तुमच्यासारख्या व्यवसायाला शोभेल असा मजकूर साधा असतो : मद्य फक्त आगाऊ नोंदवलेल्या जेवणाच्या मागणीसोबतच विकले जाईल, कोणताही ग्राहक घरी येऊन बाटली नेणार नाही, मद्य सीलबंद बाटलीतच दिले जाईल, साठा कुलूपबंद कपाटात राहील, बाटली घराच्या किंवा कार्यालयाच्या दारातच, प्रौढ व्यक्तीच्या हाती दिली जाईल, बागेत किंवा रस्त्यात दिली जाणार नाही, नाकारलेल्या प्रत्येक वितरणाची नोंद वहीत केली जाईल. यांतली ग्राहक घरी न येण्याची अट पोलिसांना आणि शेजाऱ्यांना सर्वांत जास्त आश्वस्त करते, म्हणून ती पहिल्या ओळीत असावी.

विक्रीच्या वेळाही विचारपूर्वक मागाव्यात. शनिवारी दुपारी बारा ते रात्री नऊ एवढीच तुमची फेरी असेल, तर ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून मध्यरात्रीपर्यंतची वेळ मागणे म्हणजे हरकतीला आमंत्रण होय. अर्जासोबत जागेचा नकाशा द्यावा लागतो. त्यात साठ्याचे कपाट आणि पॅकिंगची जागा येईल एवढाच भाग परवान्याखाली दाखवता येतो, आणि झोपण्याच्या व बसण्याच्या खोल्या त्याबाहेर ठेवणे केव्हाही बरे, कारण परवान्याखालील जागेची तपासणी करण्याचा अधिकार पोलिसांना आणि काउन्सिलच्या अधिकाऱ्यांना असतो. परवाना किंवा त्याची प्रमाणित प्रत त्या जागेत ठेवावी लागते आणि त्याचा सारांश दिसेल असा लावावा लागतो. ते राहते घर असले तरी यातून सूट नाही.

जागेच्या परवान्याबरोबर एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते, जिला डेझिग्नेटेड प्रिमायसेस सुपरवायझर म्हणतात, आणि या व्यक्तीकडे स्वतःचा पर्सनल लायसन्स असावा लागतो. तुमच्या बाबतीत ती व्यक्ती तुम्हीच असणे सोयीचे आहे. त्यासाठी वय किमान १८ असावे लागते, मान्यताप्राप्त संस्थेची मद्यपरवान्याविषयीची दुसऱ्या पातळीची परीक्षा द्यावी लागते, एक महिन्याच्या आतला बेसिक डीबीएस दाखला, म्हणजे गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या तपासणीचा दाखला, जोडावा लागतो आणि ३७ पौंड फी भरावी लागते. पूर्वी हा परवाना दर दहा वर्षांनी नव्याने घ्यावा लागे. २०१५ पासून ती अट गेली आहे.

व्हिसाचा मुद्दा तुम्ही विचारलात हे चांगले केलेत, कारण आपल्या लोकांचे दुर्लक्ष होते ते बहुधा येथेच. एप्रिल २०१७ पासून या दोन्ही परवान्यांसाठी अर्ज करणाऱ्या व्यक्तीला ब्रिटनमध्ये काम करण्याचा अधिकार आहे की नाही हे तपासले जाते, आणि अर्जाची माहिती गृहखात्याकडेही जाते. स्किल्ड वर्कर व्हिसावर असलेल्या व्यक्तीच्या जोडीदाराला स्वतःचा व्यवसाय करण्याची मुभा असते, त्यामुळे तुम्हाला अर्ज करता येईल. विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला स्वयंरोजगाराची परवानगी नसते, म्हणून मुलाच्या किंवा भाचीच्या नावावर परवाना घेण्याचा विचार कोणी करत असेल तर तो सोडून द्यावा. काम करण्याचा अधिकार संपला की परवानाही आपोआप संपुष्टात येतो, तेव्हा व्हिसाच्या नूतनीकरणाची तारीख परवान्याच्या कागदांवरच लिहून ठेवा.

घर भाड्याचे असल्यामुळे घरमालकाची लेखी संमती आधी घ्या. परवाना कायदा ती मागत नाही, पण भाडेकरारात घरातून व्यवसाय करण्यावर बंधन असेल तर परवाना हातात असूनही तुम्ही करार मोडलेला असाल. विम्याच्या कंपनीलाही कळवा. काउन्सिलच्या नियोजन विभागाकडे घराचा वापर बदलल्यासारखा धरला जाईल का, हेही विचारून घ्या. ग्राहक येत नसतील आणि साठा थोडा असेल तर सहसा अडचण येत नाही.

मालाविषयी एक स्पष्ट सूचना. सुट्टीवरून परतताना बॅगेतून आणलेल्या बाटल्या कधीही विकू नका. प्रवाशाला करमुक्त आणता येणारी १८ लिटर वाइन ही स्वतःच्या वापरासाठी किंवा खरोखरच्या भेटीसाठी असते आणि ती विकल्यास माल जप्त होतो. व्यवसायासाठी मद्य घेताना महसूल खात्याच्या मद्य-घाऊक योजनेत नोंदलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावे लागते; त्याचा नोंदणी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो, आणि त्याची बिले जपून ठेवावीत. दिवाळीच्या सवलतीत बाटली स्वस्त लावताना हे पाहा की उत्पादनशुल्क आणि त्यावरील व्हॅट यांच्या बेरजेपेक्षा कमी किमतीला मद्य विकण्यास २०१४ पासून बंदी आहे. वेल्समध्ये २०२० पासून मद्यांशाच्या एककावर वेगळी किमान किंमतही लागू आहे, आणि स्कॉटलंडचा कायदा तर पूर्णपणे निराळा आहे, म्हणून तेथील वाचकांनी हे उत्तर आपल्यासाठी आहे असे समजू नये.

एवढे सगळे जुळून आल्यावरही या व्यवसायाची खरी परीक्षा ग्राहकाच्या दारात होते. मागणी नोंदवताना ‘मी १८ वर्षांवरील आहे’ या चौकटीत खूण करून घेणे पुरेसे नाही. सरकारी मार्गदर्शिकेचे म्हणणे असे आहे की फोनवरून किंवा ऑनलाइन विकलेले मद्य प्रत्यक्षात दिले जाते ते वितरणाच्या वेळी, म्हणून वयाची खात्री तेथेही झाली पाहिजे. खरेदीदाराच्या स्वतःच्या घरी मद्य पोचवण्याबाबत मुलांच्या हाती ते देण्याच्या गुन्ह्याला कायद्यात एक अपवाद आहे. त्याचा आधार घेऊन पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती पिशवी देणारे वितरक असतात. तुम्ही त्या वाटेला जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. कोणाच्या तरी मुलाच्या हातात बाटली देण्याची जबाबदारी अपवादाच्या ओळीवर ढकलता येत नाही, शिवाय तुमच्या परवान्याची वयतपासणीची अट तेव्हाही लागू असतेच.

प्रत्यक्षात हे असे दिसते. शनिवारी संध्याकाळी दार उघडले आणि समोर शाळकरी मुलगा आला. आईवडील आंघोळीला, देवळात किंवा अजून कामावर. डबा त्याच्या हाती द्यायला हरकत नाही, बाटली द्यायची नाही. मोठे माणूस बाहेर आले आणि ते पंचवीस वर्षांपेक्षा लहान दिसत असेल, तर पासपोर्ट, वाहनचालक परवाना किंवा होलोग्राम असलेले ओळखपत्र मागायचे. पंचविशीची ही मर्यादा कायद्याची नसून प्रचलित प्रथेची आहे, पण ती अर्जात लिहिली की पोलिस समाधानी होतात. दारात कोणी नसेल तर बाटली पायरीवर किंवा शेजाऱ्याकडे ठेवायची नाही, परत आणायची आणि वहीत तारीख, वेळ व कारण लिहायचे. ग्राहक ओळखीचा, आपल्याच मंडळातला असला की ओळखपत्र मागायला संकोच वाटतो. त्यावर उपाय म्हणजे मागणीच्या पानावर आणि डब्यावरच्या चिठ्ठीवर हा नियम आधीच छापून ठेवणे.

तुमच्या पत्रावरून मला वाटते की पहिल्या वर्षी पूर्ण परवान्याच्या मागे लागू नये. फक्त दिवाळीच्या आठवड्यापुरती विक्री करायची असेल तर टेम्पररी इव्हेंट नोटिस, म्हणजे थोड्या दिवसांच्या विक्रीसाठी काउन्सिलला द्यायची पूर्वसूचना, पुरेशी आहे. तिची फी २१ पौंड आहे, एका नोटिशीखाली जास्तीत जास्त १६८ तास, म्हणजे पूर्ण सात दिवस, विक्री करता येते, आणि वर्तमानपत्रातली जाहिरात किंवा दारावरचा निळा कागद लागत नाही. हरकत घेण्याचा अधिकार फक्त पोलिस आणि पर्यावरण-आरोग्य विभागाला असतो. पर्सनल लायसन्स नसतानाही वर्षातून पाच नोटिसा देता येतात. मात्र एका जागेसाठी वर्षात एकंदर २१ दिवसांपेक्षा जास्त काळ मिळत नाही. नोटीस द्यायचा दिवस आणि विक्री सुरू होण्याचा दिवस सोडून मध्ये कामकाजाचे दहा दिवस मोकळे राहिले पाहिजेत, म्हणजे कॅलेंडरवर निदान अडीच-तीन आठवडे आधी ती काउन्सिलकडे पोचलेली असावी. उशिरा दिलेल्या नोटिशीची वेगळी सोय आहे, पण तिच्यावर एक जरी हरकत आली तर सुनावणी न होता ती बाद होते.

दुसरा मार्ग असा की जवळच्या परवानाधारक वाइन दुकानाशी बोलणी करावी. ग्राहकाने वाइनचे पैसे थेट दुकानाला द्यावेत, बाटली त्या दुकानात त्याच्या नावाने वेगळी काढली जावी आणि तुम्ही ती फक्त डब्यासोबत नेऊन द्यावी. या व्यवस्थेत विक्री दुकानाची ठरते. पैसे तुमच्या खात्यात घेऊन नंतर दुकानातून बाटली विकत आणली, तर मात्र विक्रेत्या तुम्हीच ठरता. दारातली वयतपासणी दोन्ही बाबतींत सारखीच करावी लागते.

प्रश्न : आम्ही नाताळात घरी रम घातलेला केक आणि लिकर भरलेली चॉकलेटे करून विकतो. आम्हालाही हा परवाना लागेल का?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : चॉकलेटांना ठरावीक मर्यादेत लागणार नाही. कायद्याच्या कलम १९१ मधील मद्याच्या व्याख्येतून लिकर भरलेली मिठाई वगळलेली आहे, पण त्यासाठी मिठाईच्या एका किलोमागे मद्यार्काचे प्रमाण ५७ टक्के तीव्रतेपर्यंतच्या ०.२ लिटरपेक्षा जास्त असू नये आणि प्रत्येक तुकडा ४२ ग्रॅमपेक्षा जड असू नये, किंवा मिठाई तोडून तेवढे तुकडे करता यावेत. तेव्हा वजनकाटा आणि कृतीची लेखी नोंद जवळ ठेवा. रममध्ये भिजवलेल्या फळांचा भाजलेला केक हा खाद्यपदार्थच समजला जातो. केकसोबत रमची छोटी बाटली किंवा पिचकारी भरून दिली, तर ती रम मद्यच आहे आणि परवाना लागेल. मद्य घालून गोठवलेल्या जेलीबाबतही तसेच समजावे, कारण कायद्याने मद्य कोणत्याही अवस्थेत असले तरी ते मद्यच धरले आहे. केक आणि चॉकलेटांच्या लेबलावर मद्य असल्याचे ठळकपणे लिहावे. आपल्याकडचे कितीतरी ग्राहक व्रतामुळे, औषधांमुळे किंवा गरोदरपणामुळे मद्य टाळतात, आणि त्यांना ते आधी कळण्याचा हक्क आहे.

प्रश्न : पुण्यात घरगुती जेवण पोचवणाऱ्या आमच्यासारख्यांना वाइन किंवा बिअर सोबत देता येईल का? करोनाच्या काळात दारू घरपोच मिळत होतीच.
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. मे २०२० मध्ये राज्य सरकारने टाळेबंदीच्या काळात घरपोच मद्य देण्यास जी परवानगी दिली, ती आधीपासून परवाना असलेल्या दुकानांना होती, स्वयंपाकघरांना नव्हती. महाराष्ट्रात सीलबंद मद्याच्या किरकोळ विक्रीसाठी एफएल-२ सारखा परवाना, तर बसून पिण्याच्या जागेसाठी एफएल-३ परवाना असावा लागतो. राहत्या घरातून डब्यासोबत मद्य विकण्यासाठी त्यात जागा नाही. अन्नसुरक्षा नोंदणीचा या बाबतीत काहीही उपयोग नाही. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला होता, तोही विरोधामुळे रखडला. राज्यात वाइन व बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे, आणि बाळगण्या-पिण्यासाठीही परवाना लागतो. ग्राहकाने आग्रह केला तर त्याने परवानाधारक दुकानातून स्वतः घ्यावे, असे सांगा. त्याच्या वतीने आणून डब्यासोबत देऊन पैसे घेणे हे महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना विक्रीत मोडेल, आणि त्यात वाहनही जप्त होऊ शकते.